उपवासाची गिरणी

अण्णांनी फ्रिजला कुलूप घातलं, दार दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. आमच्या जुन्या फ्रिजच्या दारात कुलूप आहे, हे तोवर घरात कुणाला आठवतही नव्हतं. आत दूध होतं, कोथिंबीर होती आणि दाराच्या कप्प्यात माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या होत्या.

"सकाळ-संध्याकाळ मी भरून देईन," ते म्हणाले. "माझ्यासमोर टोचायचं, माझ्यासमोर जेवायचं."

"आणि श्वास?" मी विचारलं. "तोही समोर येऊन घेऊ?"

आई नुसतं "प्रणिता" म्हणाली.

"बोलू दे," अण्णा म्हणाले. "बोलण्यात ती पहिल्यापासून हुशार आहे. खरं किती बोलते, तेवढं आता बघू."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, बारावीत. डायबेटिस अकराव्या वर्षी झाला. म्हातारपणी होतो तो नव्हे, मुलांना होतो तो. त्यात शरीर इन्सुलिन तयार करणाऱ्या आपल्याच पेशी मारून टाकतं आणि मग जन्मभर इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं. पहिली काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. इंजेक्शन, जेवण, शाळा. मग गाडी घसरली. पोटभर जेवून उठावं आणि तासाभरात साखर धाडकन खाली यावी, हात थरथरावेत, डोळ्यांपुढे अंधारावं. पोट कायम बिघडलेलं. वजन उतरत होतं, वर्गातल्या मुली डोक्याने वर गेल्या होत्या आणि मला अजून आठवीतला ड्रेस बसत होता. त्या सप्टेंबरात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी बर्नरशेजारीच कोसळले, तेव्हा अण्णा मला जळगावला डॉक्टर सरोद्यांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि अण्णांना आत ठेवून घेतलं. काय सांगितलं ते अण्णांनी परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर केळीच्या बागांकडे बघत मला ऐकवलं. जेवणानंतर साखर इतकी पडायला दोनच कारणं असतात. एक तर पोरगी सांगते त्याहून जास्त इन्सुलिन टोचते, नाही तर जेवण टाकून देते. या वयाच्या मुली करतात असं. कुणी बारीक राहायला करतं, कुणी आईबापाला घाबरवायला. डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांनी तशा मुली पाहिल्या असणार. पण त्यांचं वाक्य अण्णांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

मला बारावीनंतर फार्मसीसाठी पुण्याला जायचं होतं. अण्णांनी अर्धामुर्धा होकारही दिला होता. सावद्याच्या स्टँडवर उतरताना तो त्यांनी परत घेतला. इन्सुलिनच्या बाबतीत जिच्या शब्दाचा भरवसा नाही, ती एकटी तापीचा पूल ओलांडणार नाही, असं ते म्हणाले. त्याच संध्याकाळी फ्रिजला कुलूप लागलं.

आठवडाभर मी त्यांच्या हातची सुई टोचून घेतली आणि त्यांच्यासमोर ताट पुसून खाल्लं. पोळी, भाजी, वरण, भात. आणि एका दुपारी त्यांच्यासमोरच, हात धुऊन उठता उठता पडले. त्यांनी माझ्या तोंडात ग्लुकोजचं पाणी घातलं, मशीनवर साखर पाहिली, मी उठून बसेपर्यंत पाठीला हात देऊन थांबले. मी बसती झाल्यावर त्यांनी माझं दप्तर जमिनीवर ओतलं. वह्या, कंपास, रुमाल, वेणीच्या रिबिनी. ते दुसरी बाटली शोधत होते.

"सापडली का?" मी विचारलं.

त्यांनी रिकामं दप्तर आणखी एकदा झटकलं. मी दप्तर परत भरलं नाही. ते तसंच पडवीत पसरलेलं राहिलं. मी रोज लागेल ते पुस्तक त्यातून उचलायची आणि परत तिथेच टाकायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सांगायची, पोरगी काहीतरी हुडकतेय.

आमचं घर गिरणीच्या मागे होतं. सावद्यात भारंबेंची पिठाची गिरणी म्हटलं की लहान मूलही वाट दाखवायचं. पुढच्या खोलीत दोन गिरण्या होत्या. मोठीवर गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा, दिवसभर रांग. लहान गिरणी कोपऱ्यात, वर स्वच्छ धुतलेलं गोणपाट पांघरून वर्षातले बरेच दिवस गप्प बसलेली. ती उपवासाची. श्रावणात, नवरात्रात, एकादशीच्या आधी तिच्यावरचं गोणपाट निघायचं आणि तिच्यात फक्त भगर, राजगिरा, शिंगाडा दळला जायचा. त्या गिरणीजवळ जाण्याआधी अण्णा हात कोपरापर्यंत धुवायचे आणि सदरा बदलायचे. चिनावल, फैजपूर, रोझोद्याहून बाया खास तेवढ्यासाठी यायच्या. आजोबांनी घालून दिलेली रीत होती आणि अण्णांची सगळी इभ्रत त्या लहान गिरणीत होती. मोठ्या गिरणीने आम्हाला पोसलं, पण अण्णांना गावात मान होता तो लहान गिरणीमुळे.

घटस्थापनेला सिंधूआत्या यावलहून आली. अण्णांची थोरली बहीण, दर नवरात्रात आमच्याकडे घट बसवायची. तिने पसरलेलं दप्तर पाहिलं, फ्रिजचं कुलूप पाहिलं आणि आईला विचारलं, घरात चोऱ्या होतात का. आईने सांगितलं. आत्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, ती कुणाच्या बाजूने ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी जाहीर केलं की नऊ दिवसांचे उपवास मी धरणार.

अण्णा म्हणाले, डायबेटिसच्या पोरीनं उपवास करायचा नसतो, एवढं डॉक्टर न होताही कळतं. आईने देवीची शपथ घातली. मी म्हणाले, उपाशी राहणार नाही, तिन्ही वेळा जेवेन, फक्त उपवासाचं. आणि हे सगळं घटासमोर बसून.

"कशापायी?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हाला वाटतं मी खोटं बोलते. घटासमोर बसून तरी मी खोटं खाणार नाही, एवढं मानाल ना? नऊ दिवस. तरीही मी पडले, तर मी खोटी नाही, एवढं मान्य करायचं."

"व माय," आत्या अण्णांना म्हणाली, "देवीचं नाव घेऊन बोलली पोरगी. आता तू नाही म्हणू नको."

खरं सांगायचं तर माझ्या मनात भक्ती नव्हती. सूड होता. एवढ्या सगळ्यांच्या नजरेखाली, देवीच्या नजरेखाली मी पडेन, आणि मग ते दप्तर कुणाच्या अंगावर ओततील ते बघेन, असा माझा हिशोब होता.

तो चुकला. मी पडलेच नाही.

भगरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकर, उकडलेले बटाटे, शिंगाड्याचं थालीपीठ. आत्या घटासमोर माझं ताट मांडायची आणि स्वतः समोर बसून जप करायची, एक डोळा माळेवर, एक माझ्यावर. पाचव्या माळेपर्यंत माझं पोट शांत झालं. मला आधी कळलंच नाही की काय बदललंय. पोट इतकी वर्षं बोलत होतं की ते गप्प झाल्यावर घरात कुणीतरी कमी आहे असं वाटलं. सातव्या माळेपासून साखर चढायला लागली. अण्णांनी मशीन दोनदा पाहिलं. डोस तोच होता, त्यांच्याच हातचा.

"आता टोचून घेत नाहीस की काय?" ते म्हणाले.

"सुई तुम्ही धरून बसता, अण्णा."

त्यांनी सुईकडे पाहिलं. काहीतरी जुळत नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं.

दसऱ्याला पुरण शिजलं. पोळ्यांचं पीठ अण्णांनी स्वतः दळलेलं, तलम. आत्याने पहिला घास माझ्या तोंडात घातला आणि मी दोन पोळ्या खाल्ल्या, तुपात बुडवून. मलाही तो वास नऊ दिवस छळत होता. रात्रीपासून पोट ढवळलं. दुसऱ्या दिवशी उठवेना. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर हात थरथरायला लागले आणि मी स्वतःच गिरणीत जाऊन अण्णांसमोर बोट टोचलं. रांगेतल्या बायका बघत होत्या. साखर तळाला होती. मी त्यांच्यासमोर ग्लुकोज खाल्लं आणि म्हणाले, "माझा उपवास सुटला नाही. दसऱ्याला मोडला होता. आजपासून परत धरते."

"कुठवर?"

"कारण सापडेपर्यंत. मला वाटतं, पोळीनं होतंय."

अण्णा मोठ्या गिरणीचा पट्टा सारखा करत होते. मान वर न करता म्हणाले, "गेल्या वर्षी आत्याच्या सांगण्यावरून दोन महिने गहू सोडला होतास. ज्वारीच्या भाकरीवर होतीस. काय फरक पडला?"

ते खरं बोलत होते. त्या दोन महिन्यांत मी तशीच पडत होते, तशीच झिजत होते. तरी मी उपवास सोडला नाही. कारण नव्हतं, तर हट्ट होता.

गावाने मात्र कारण शोधून काढलं. दसरा झाला, कोजागिरी झाली, दिवाळी आली, भारंबेंची पोरगी अजून भगरच खाते. म्हणजे देवीने हिला सोडलं नाही. दळण घेऊन येणाऱ्या बायका गिरणीच्या उंबऱ्यावर नारळ ठेवायला लागल्या. एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या आणि सुनेला माझ्या पाया पडायला लावलं. मूल होत नव्हतं. मी पाय ओढून घेतले आणि म्हणाले, "मावशी, माझ्या अंगात देवी नाही, डायबेटिस आहे." मावशींनी हात जोडले आणि म्हणाल्या, ती कुठल्याही रूपात येते. अण्णा, जे आयुष्यात कधी अंगारा लावायचे नाहीत, ते पोत्यांआड तोंड लपवून बसले. त्या दिवाळीत आमच्या घरात इतके नारळ होते की आईने शेजारी वाटले. फराळातल्या चिवडा-चकलीला मी हात लावला नाही. माझं वजन वाढत होतं. अण्णांना डोस वाढवावा लागला, दोनदा. वाढवताना दर वेळी ते माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच त्यांना फसवलं आहे, पण कसं ते त्यांना सापडत नाही.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी चिनावलची एक बाई राजगिरा घेऊन आली. मी गहू भरलेल्या पोत्यांवर पाय सोडून केमिस्ट्री वाचत बसले होते. बाई पहिल्यांदाच येत होती. लहान गिरणीकडे संशयाने बघत तिने विचारलं, हिच्यात गहू तर दळत नाही ना.

अण्णांना हा प्रश्न म्हणजे थोबाडीत मारल्यासारखा. त्यांनी हात पुसले.

"बाई, या गिरणीला गव्हाचा वारा लागत नाही. ती मोठी आहे ना, तिच्यात काहीही दळा, आधीच्याचं पीठ त्यात येतंच. दगडाच्या पाळ्यात बसलेलं असतं, कापडी तोंडात अडकलेलं असतं. गव्हात ज्वारी येते, ज्वारीत गहू येतो. त्यात कुणाचं वाईट होत नाही. पण उपवासाला चालत नाही, म्हणून ही वेगळी. माझ्या बापाचा शब्द आहे."

बाईचं समाधान झालं. माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

"अण्णा," मी म्हणाले, "गेल्या वर्षी माझी ज्वारी कुठल्या गिरणीत दळली होती?"

त्यांनी ऐकलं नाही असं आधी मला वाटलं. मोठी गिरणी चालू होती, आवाज होता. मग त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मोठ्या," ते म्हणाले.

"गव्हानंतर?"

"गव्हानंतर. दिवसभर गहूच असतो."

"म्हणजे मी गहू सोडलाच नव्हता. तुम्ही मला भाकरीतून रोज देत होतात."

"मला काय ठाऊक?"

"ठाऊक होतं. आत्ताच या मावशींना सांगितलंत. देवीसाठी गिरणी धुता, हात धुता, सदरा बदलता. माझी ज्वारी एकदा त्या गिरणीत दळा, मग बघू."

चिनावलच्या बाईने राजगिऱ्याची पिशवी छातीशी धरली. त्या गिरणीत ज्वारी पडली, तर ती उपवासाची राहणार नव्हती. हे तिला कळत होतं, अण्णांना कळत होतं, मला कळत होतं.

"ते होणार नाही," अण्णा म्हणाले.

"मग जळगावला चला. या वेळी मी बोलेन आणि तुम्ही आत बसून ऐकाल."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. डॉक्टर सरोदे कागद बघून म्हणाले, साखर चढलेली दिसतेय, म्हणजे आता बाई डोस चुकवतात. मी तोंड उघडणार, तोच अण्णा बोलले. ते माझ्या बाजूने बोलतील अशी माझी अपेक्षा नव्हती. ते फक्त जे पाहिलं ते सांगत होते.

"साहेब, तुम्ही म्हणालात म्हणून मी कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. सुई मी भरतो, ताट मी बघतो. कुलूप असताना ती पडली. मी दुसरी बाटली शोधली, नाही सापडली. मग तिने उपवास धरला आणि पडायची थांबली. डोस तोच. पुरणपोळी खाल्ली, परत पडली. हिच्या हातात यातलं काहीच नव्हतं. सगळं माझ्या हातात होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "पोट कसं असतं तुझं?"

"तुम्ही हे मला पहिल्यांदा विचारताय," मी म्हणाले, आणि मग सांगितलं. सगळं, लाज न बाळगता, अण्णांसमोर.

डॉक्टरांनी पेन परत उचलून ते लिहून घेतलं. नंतर त्यांनी एक नाव उच्चारलं, जे आम्ही दोघांनी तोवर ऐकलं नव्हतं. सीलिअॅक. काही माणसांचं शरीर गव्हातल्या चिकट भागाला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढताना स्वतःचंच आतडं सोलून काढतं. मग खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही. इंजेक्शन मात्र आपलं काम करतं, पण त्याच्या जोडीला रक्तात अन्न पोचलेलंच नसतं. साखर पडणार नाही तर काय होईल. गहू थांबला की अन्न परत अंगी लागतं, म्हणून तोच डोस कमी पडायला लागतो. शरीराने एकदा स्वतःवर हल्ला करायची चूक केली, डायबेटिसच्या वेळी, की ते अशी दुसरी चूकही करू शकतं. दोन्ही एका घरातले आजार आहेत.

"किती जणांना होतं असं?" अण्णांनी विचारलं. त्यांना वाटत होतं, लाखात एखादा.

"हिच्यासारख्या टाइप वन डायबेटिसच्या शंभर मुलांत पाच-सहांना तरी. काही ठिकाणी दहाजणांना सापडलंय. पुष्कळांना तर काही त्रासही जाणवत नाही. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही."

"तुमच्याकडे टाइप वनची मुलं किती येतात?" मी विचारलं.

"सत्तर-ऐंशी असतील."

"मग बाकीचे कोण?"

डॉक्टरांनी समोरच्या फायलींच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"मी एक झाले," मी म्हणाले. "अजून तीन-चारजण असतील. त्यांच्या फ्रिजला कुणी कुलूप लावलंय?"

अण्णा म्हणाले, चल, पुरे. पण डॉक्टरांनी हाताने त्यांना थांबवलं आणि माझं रक्त मुंबईला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले, "बाकीच्यांचंही पाठवतो."

रक्तात जे सापडायचं ते सापडलं. आता एकच राहिलं. नाशिकला नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायचा, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. पण त्यासाठी आतडं गव्हाच्या समोर असायला हवं. मी इतके दिवस गहू सोडलेला. म्हणजे तपासणीआधी पाच-सहा आठवडे परत गहू खायचा, रोज.

आई म्हणाली, समोर बोर्डाची परीक्षा आहे, मुळीच नको. अण्णा म्हणाले, मला पटलंय, आता तपासणी कशाला. रक्ताचा कागद आहे ना.

"तुम्हाला पटलं म्हणून पुण्याच्या मेसच्या बाईला पटणार नाही," मी म्हणाले. "एका घासानं काय होतंय, असं म्हणणारं माणूस प्रत्येक घरात बसलेलं आहे, अण्णा. दसऱ्याला आत्या होती. त्यांच्यापुढे जन्मभर हात जोडत मी फिरणार नाही. मला पक्कं कळायला हवं, म्हणजे नाही म्हणताना माझा आवाज हलणार नाही."

"आणि पडलीस तर?"

"तर पडेन. पण या वेळी मी ठरवून पडेन."

पौषाआधी यावलला आत्याच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं, तपासणीसाठीचा गहू मी तिथूनच सुरू करायचं ठरवलं. आमच्याकडे लग्न म्हणजे वरण-बट्टी. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, आधी वाफवून मग तुपात तळलेले, त्यावर तुरीचं वरण, वर तुपाची धार, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. मांडवात लांबच लांब पंगत बसली. बट्टीचं पीठ आमच्याच गिरणीतून आलेलं, दोन पोती. माझ्या उपवासाची कहाणी यावलच्या बायकांपर्यंत पोचली होती. मी पंगतीत बसले, तशी कुजबुज माझ्यापर्यंत येऊन थांबली.

बसण्याआधी अण्णा मला मांडवामागे घेऊन गेले होते. हातात इन्सुलिनची पिशवी, सुई. बाटली उजेडात धरून ते थांबले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "किती घ्यायचं?"

गव्हाने साखर पडणार हे आम्हाला दोघांना ठाऊक होतं. पण आकडा मीच सांगायचा होता. मी कमी करून सांगितला. त्यांनी तेवढाच भरला आणि सुई माझ्या हातात दिली. मी टोचेपर्यंत ते पाठ करून उभे राहिले.

पंगतीत आत्याने स्वतः माझ्या पानात बट्टी घातली. "माझ्या घरच्या अन्नावर सुटला गं उपवास," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मी तिला सांगणार होते, आत्या, हा सुटत नाहीये. मग म्हटलं, तिला आजचा दिवस असू दे. मी बट्टी दोन्ही हातांनी फोडली, कुस्करली, वरणात कालवली. समोरच्या ओळीतल्या बायका घास विसरून बघत होत्या. बट्टी फार चांगली झाली होती. चव सांगायला लाज कशाची. बट्ट्या वाढायला अण्णा फिरत होते, ते माझ्यापाशी आले आणि थांबले.

"अजून एक वाढा," मी म्हणाले.

त्यांनी वाढली.

पुढचे आठवडे वाईट गेले. एवढंच लिहिते. मी दोनदा पडले, एकदा भौतिकच्या सराव परीक्षेत. नाशिकच्या डॉक्टरांनी नंतर आम्हाला फोटो दाखवला. आतड्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारखी लव असते, तीच अन्न शोषून घेते. माझ्या आतड्यात ती झडून सपाट जमीन झाली होती. अण्णा फोटोकडे बघत म्हणाले, पाळं घासून गेल्यावर असं दिसतं.

त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. मी म्हणाले, मला नको, तिची जागा कुलपात आहे. त्यांनी ती फ्रिजच्या दारात घातली, उलटी फिरवली आणि तिथेच सोडली. तो फ्रिज भंगारात जाईपर्यंत ती तिथेच होती. पडवीतलं दप्तरही त्यांनीच उचललं. त्यातली एक रिबीन कधीच सापडली नाही.

डॉक्टर सरोद्यांनी शब्द पाळला. वर्षभरात त्यांनी आपल्याकडच्या सगळ्या मुलांचं रक्त पाठवलं. आणखी चौघं निघाली. त्यांतला एक चोपड्याचा होता, नऊ वर्षांचा. साखर पडली की तो चोरून गोड खायचा, म्हणून त्याला घरी मार मिळायचा.

जूनमध्ये मी पुण्याला निघाले. एसटी सकाळची होती. ट्रंक, पुस्तकं, आणि ज्वारीच्या पिठाचा डबा, ज्याचं झाकण आईने कापडाने बांधून दिलं होतं. मी गिरणीच्या ओट्यावर उभी होते आणि अण्णा आत शेवटचं दळण उरकत होते. तेवढ्यात चिनावलची ती बाई आली. आषाढी जवळ आली होती. पिशवीत राजगिरा.

लहान गिरणी चालू होती. वर गोणपाट नव्हतं. तिच्या तोंडातून पांढरं पीठ पडत होतं आणि ते राजगिऱ्याचं नव्हतं, हे तिच्या नजरेला लगेच कळलं.

"हिच्यात ज्वारी?" ती म्हणाली.

"ज्वारी," अण्णा म्हणाले. हात कोपरापर्यंत धुतलेले होते, सदरा बदललेला होता. "उपवासाचं दळण आता बाजारपेठेतल्या गिरणीत जातं, बाई. मी त्यांना सगळी रीत सांगितली आहे."

"तुमच्या बापाचा शब्द होता म्हणे."

"होता."

बाईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या ट्रंकेकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. तिला ती पोरगी आठवली असावी, पोत्यावर बसलेली.

"घरात उपवास आहे का कुणाचा?" तिने विचारलं.

"आहे," अण्णा म्हणाले.

"मग कधी सुटणार?"

अण्णांनी गिरणीच्या तोंडाखाली हात धरला, पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, तलम आहे की नाही.

"नाही सुटणार," ते म्हणाले. "रोज दळायचं."